जुन्या कोठारासमोर ईझेल मांडताना: तैलरंगातील स्थळचित्रणाची सुरुवात

युरोप आणि अमेरिकेच्या ग्रामीण भागात शेतांच्या कडेला उभ्या असलेल्या ज्या प्रशस्त लाकडी किंवा दगडी वास्तूंना ‘बार्न’ म्हणतात, त्यांना मराठीत सोयीसाठी आपण कोठार म्हणतो. प्रत्यक्षात मात्र धान्याचे कोठार, मळणीचे खळे, जनावरांचा गोठा आणि वैरणीचा माळा अशा चारही गोष्टी तिथे एकाच छपराखाली असत. शंभर-दोनशे वर्षे ऊनपाऊस सोसलेली अशी वास्तू जागेवर बसून तैलरंगात रंगवणे हा निसर्गचित्रणाचा उत्तम अभ्यास आहे, कारण तिचा आकार साधा असतो आणि ती हलत नाही. हलतो तो फक्त प्रकाश. नवा चित्रकार मात्र बहुधा चुकीच्या जागी मेहनत घेतो. वास्तूचे जुनेपण दाखवायचे म्हणून तो एकेक फळी, एकेक खिळा आणि एकेक भेग रंगवत बसतो. कोठाराचे वय खरे तर दोनच ठिकाणी दिसते, एक आढ्याच्या वाकलेल्या रेषेत आणि दुसरे उघड्या दारातील अंधारात. ही दोन स्थळे नीट साधली, तर फळ्या जवळजवळ न रंगवताही चित्र जुने दिसते.

आधी वास्तू ओळखावी

रंगपेटी उघडण्यापूर्वी कोठाराभोवती एक फेरी मारावी आणि ते कोणत्या पद्धतीचे आहे हे समजून घ्यावे. इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या तीन खणी कोठारात मधल्या खणात मळणीची जमीन असते आणि तिच्या दोन्ही टोकांना, म्हणजे वास्तूच्या दोन्ही लांब भिंतींत, समोरासमोर मोठी दारे असतात. ती समोरासमोर ठेवण्याचे कारण असे, की उफणणीच्या वेळी वारा आरपार वाहावा आणि गाडी एका बाजूने आत येऊन दुसरीकडून बाहेर पडावी. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी भागातील डच कोठारात मोठी दारे त्रिकोणी माथ्याच्या आखूड भिंतीत असतात, छप्पर रुंद असते आणि बाजूच्या भिंती बुटक्या असतात, त्यामुळे चित्रात छपराचेच राज्य असते. पेनसिल्व्हेनियातील उतारावरच्या कोठारात वरच्या मजल्यावर गाडी टेकडीच्या बाजूने थेट जाते, जनावरे खालच्या मजल्यावर असतात आणि वरचा मजला खालच्या भिंतीच्या पुढे झुकलेला असतो. त्या झुकाव्याखाली पडणारी दाट सावलीची पट्टी चित्रकाराला आयतीच मिळते. एकाच पाख्याला दोन वेगवेगळे उतार असलेले मोडदार छप्पर दिसले, तर ते वैरणीच्या माळ्यावर अधिक जागा मिळावी म्हणून तसे बांधले आहे, हे लक्षात ठेवावे.

ही माहिती केवळ इतिहासाची हौस म्हणून दिलेली नाही. दार का आहे हे ज्याला कळते, तो ते योग्य मापाचे रंगवतो; ज्याला कळत नाही, तो गाडी जाण्याइतके दार घराच्या दाराएवढे काढतो आणि मग सगळे कोठार खेळण्यासारखे दिसू लागते. इंग्लंडमधील हार्मंड्सवर्थ येथील १५व्या शतकातील ओक लाकडाचे कोठार सुमारे ५८ मीटर लांब आहे. अशा वास्तूची भव्यता चित्रात येते ती दार, भिंत आणि छप्पर यांच्या परस्पर प्रमाणातून, कॅनव्हासच्या आकारातून नव्हे.

परवानगी आणि बसण्याची जागा

बहुतेक जुनी कोठारे खासगी शेतांवर आहेत, म्हणून मालकाची परवानगी घेतल्याशिवाय कुंपण ओलांडू नये. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा असेल, तर तिथून रंगवणे अधिक सोयीचे. वापरात नसलेल्या कोठारात परवानगी असली तरी शिरू नये, कारण माळ्याच्या फळ्या कुजलेल्या असू शकतात, गवतात गंजके खिळे असतात आणि वळचणीला गांधीलमाशांची पोळी असतात.

जागा निवडताना दोन भिंती एकदम दिसतील, त्यांपैकी एक उन्हात आणि दुसरी सावलीत असेल, असा कोपरा शोधावा. समोरून पूर्ण उन्हात असलेले कोठार सपाट पुठ्ठ्यासारखे दिसते. फार जवळ बसणे ही आणखी एक नेहमीची चूक आहे. वास्तूच्या उंचीच्या निदान तिप्पट अंतरावर बसल्यास मान न हलवता सगळे कोठार एका नजरेत मावते आणि किरकोळ तपशील आपोआप विरतात.

सामान

लंडनमध्ये राहणारा अमेरिकन चित्रकार जॉन गॉफ रँड याने १८४१ मध्ये दाबता येणाऱ्या धातूच्या रंगनळीचे पेटंट घेतले. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून न्यावे लागत. आज आपले ओझे हलके असायला हरकत नसते, तरीही नवशिके दुकानच्या दुकान पाठीवर घेऊन येतात. सुरुवातीला २० × २५ किंवा २३ × ३० सेंटिमीटरचे गेसो (रंग धरून ठेवणारे पांढरे अस्तर) लावलेले दोन फलक पुरतात. याहून मोठा फलक एका बैठकीत भरणे नवख्या हाताला जमत नाही. रंग सात पुरे आहेत: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम यलो, बर्न्ट सिएना, व्हेनेशियन रेड किंवा इंडियन रेड, अलिझरिन क्रिमझन आणि अल्ट्रामरीन ब्ल्यू. काळा रंग घरीच ठेवावा. राठ केसांचे तीन-चार सपाट ब्रश, एक बारीक ब्रश, पॅलेट नाइफ, वासरहित सॉल्व्हंटचा (रंग पातळ करण्याच्या द्रवाचा) झाकण घट्ट बसणारा डबा, चिंध्या आणि कचऱ्यासाठी एक पिशवी एवढे घेतले की भागते.

फलक पांढराशुभ्र ठेवू नये. आदल्या दिवशी बर्न्ट सिएना सॉल्व्हंटमध्ये पातळ करून फलकावर पुसून घ्यावा. उघड्यावर पांढऱ्या पृष्ठभागाचा डोळ्यांना त्रास होतो आणि त्यावर लावलेला प्रत्येक रंग असतो त्याहून गडद भासतो. फलक आणि पॅलेट दोन्ही सावलीत ठेवावीत. उन्हात ठेवलेल्या फलकावर केलेले चित्र तिथे उजळ दिसते आणि घरी आणल्यावर काळवंडलेले निघते. छत्री पांढरी, करडी किंवा काळी असावी. मी एकदा हौसेने लाल सदरा घालून बसलो होतो आणि दिवसभर मला आभाळात गुलाबी झाक दिसत होती. ती झाक आभाळाची नव्हती, ओल्या रंगावर पडलेली माझ्याच सदऱ्याची होती.

दिवस आणि वेळ

पहिले कोठार ढगाळ दिवशी रंगवावे, असे माझे मत आहे. बहुतेक शिक्षक सकाळचे कोवळे ऊन सुचवतात आणि ते सुंदर असते यात शंका नाही, पण सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो आणि नवशिक्याचा हात त्या मानाने फार संथ चालतो. ढगाळ दिवशी प्रकाश दोन-तीन तास जवळपास तसाच राहतो आणि आकार समजून घ्यायला सवड मिळते. त्या दिवशी एक गोष्ट नीट पाहून ठेवावी: छप्पर आभाळाकडे तोंड करून असल्याने ते बहुधा भिंतीपेक्षा उजळ दिसते. छप्पर म्हणजे गडद आणि भिंत म्हणजे उजळ, हा लहानपणच्या चित्रकलेच्या वहीतला समज तिथेच सोडून द्यावा लागतो.

उन्हाच्या दिवशी एका चित्राला फार तर दोन तास द्यावेत आणि सावल्यांचे आकार पहिल्या पंधरा मिनिटांत ठरवून टाकावेत. एकदा आखलेली सावली पुन्हा बदलायची नाही, मग समोरची सावली कुठेही सरको. हा नियम न पाळल्यामुळे माझ्या सुरुवातीच्या एका चित्रात कोठाराची सावली डावीकडे आणि शेजारच्या झाडाची उजवीकडे पडली आहे. अशा चित्रात दोन सूर्य असतात आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी ते खटकत राहते. प्रकाश फारच बदलला, तर दुसरा फलक काढावा. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची चित्रमालिका करताना हेच केले होते. तो अनेक कॅनव्हास जवळ ठेवी आणि प्रकाश बदलला की त्या प्रकाशाच्या कॅनव्हासकडे वळे.

रेखन: आधी सरळ, मग वाकडे

रेखनासाठी पेन्सिलीऐवजी बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन मिसळून केलेला पातळ रंग आणि बारीक ब्रश वापरावा. सर्वप्रथम डोळ्यांच्या उंचीची आडवी रेषा फलकावर ठरवावी. सपाट जमिनीवर उभे असताना ही रेषा कोठाराच्या भिंतीला माणसाच्या डोळ्यांइतक्या उंचीवर छेदते. तिच्या वरच्या कडा, म्हणजे वळचण आणि आढे, दूर जाताना खाली उतरतात, आणि तिच्या खालच्या कडा वर चढतात. चित्र उभे राहून सुरू केले असेल तर मध्येच स्टुलावर बसू नये, कारण बसताच ही रेषा खाली येते आणि आधी काढलेले सर्व उतार खोटे ठरतात. उतारावरच्या कोठाराबाबत एक सावधगिरी घ्यावी: तिथली जमीन मुळातच तिरकी असते, त्यामुळे भिंतीचा पाया या नियमात बसत नाही आणि तो थेट पाहून मोजावा लागतो.

प्रमाण मोजण्यासाठी हात कोपरात न वाकवता पूर्ण लांब करून ब्रशचा दांडा धरावा, एक डोळा मिटावा आणि जवळच्या कोपऱ्याच्या उंचीचे माप घ्यावे. भिंतीची दिसणारी लांबी त्या मापाच्या किती पट आहे आणि छप्पर किती पट आहे, एवढी दोन उत्तरे मिळाली की कोठार अर्धे उभे राहिले. त्रिकोणी माथ्याच्या भिंतीचे टोक शोधण्याची युक्ती सोपी आहे. वळचणीपर्यंतचा चौकोन काढून त्याचे दोन्ही कर्ण आखावेत आणि ते जिथे छेदतात तिथून उभी रेषा वर न्यावी; टोक त्याच रेषेवर येते. तिरक्या कोनातून पाहताना ते दूरच्या कोपऱ्याकडे सरकलेले दिसते, आणि नवखा चित्रकार ते हमखास मधोमध ठेवतो.

आता आढे. वर्षानुवर्षांच्या भाराने वासे बाहेर ढकलले जातात, पायाच्या तुळया कुजतात आणि मग आढ्याची रेषा मध्ये खचते. ती थेट वाकडी काढायला गेल्यास हात घाबरून एकतर ती अतिशय वाकवतो, नाहीतर लाटेसारखी करतो. म्हणून आधी दोन्ही टोके जोडणारी सरळ रेषा अगदी फिकट काढावी. तिच्यापासून आढे कुठे सर्वाधिक खाली आले आहे आणि ते किती आले आहे हे दांड्याने मोजून तिथे एक ठिपका द्यावा. बहुतेक वेळा तो ठिपका मध्यावर नसतो, आणि तसा नसण्यातच त्या कोठाराची ओळख असते. मग तीन ठिपक्यांतून एकाच श्वासात रेषा ओढावी. ही रेषा चित्रातील सर्वांत महत्त्वाची असल्यामुळे ती मनासारखी येईपर्यंत पुसून पुन्हा काढण्यास मी अजिबात संकोच करत नाही. पुढे आभाळाचा रंग तिला भिडवतानाही ती जपावी लागते.

मोठे आकार

डोळे किलकिले करून पाहिले की रंग विरतात आणि टोन, म्हणजे रंगांचा उजळ-गडदपणा, तेवढा उरतो. कोठाराचे चित्र चार-पाच मोठ्या आकारांत मावते: आभाळ, छप्पर, उन्हातील भिंत, सावलीतील भिंत आणि जमीन. सुरुवात सावलीतील भिंत आणि जमिनीवर पडलेली सावली यांपासून करावी. ती दोन्ही मिळून एकच गडद आकार मानावा आणि रंग पातळ ठेवावा. त्यानंतर उन्हातील भिंत, मग छप्पर, मग आभाळ आणि शेवटी जमीन भरावी. पहिल्या अर्ध्या तासात फलकाचा कोणताही कोपरा कोरा राहता कामा नये.

तैलरंगाचा जुना नियम इथे पाळावाच लागतो: खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा अधिक तेलाचा असावा. खालच्या थरात जवसाचे तेल जास्त झाले, तर वरचा थर आधी वाळून पुढे तडकतो. एका बैठकीच्या चित्रात याचा व्यावहारिक अर्थ इतकाच, की सुरुवातीला थोडे सॉल्व्हंट चालते आणि नंतर रंग नळीतून येतो तसाच जाड लावायचा असतो. सावल्या पातळ आणि उजेड जाड ठेवला, म्हणजे ओल्यावर ओले लावताना चिखल होत नाही. एखादा भाग गढूळ झालाच तर त्यावर आणखी रंग थापण्याऐवजी तो पॅलेट नाइफने खरवडून काढावा आणि नव्याने लावावा.

तांबडा, करडा आणि त्यांची फसवाफसवी

अमेरिकेतील जुन्या कोठारांचा प्रसिद्ध तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे आपल्या परिचयाच्या गेरूच्याच कुळातला आहे. तो जवसाच्या तेलात कालवून लाकडाला लावत, कारण तो स्वस्त आणि टिकाऊ असे. आपल्या पॅलेटवरील व्हेनेशियन रेड आणि इंडियन रेड हेही लोहाचेच रंग असल्याने इथे भिंतीचा रंग आणि चित्राचा रंग एकाच द्रव्याचे असू शकतात. यासाठी भडक कॅडमियम रेड सोबत न नेणेच चांगले. कोठार आठवणीत जितके लाल असते तितके डोळ्यांसमोर नसते. शेजारच्या हिरव्या गवतामुळे ते अधिक लाल भासते एवढेच. म्हणून लाल वाढवण्यापेक्षा हिरवा दबका ठेवावा. अल्ट्रामरीन आणि यलो ऑकर यांचा हिरवा पुरेसा शांत असतो, आणि कुरणाचा उन्हाचा पट्टा हवा असेल तेवढ्यापुरता कॅडमियम यलो घालावा.

उन्हातील तांबडी भिंत उजळ करण्यासाठी त्यात पांढरा मिसळला की ती गुलाबी होते, आणि नवशिक्यांच्या चित्रांतील निम्मी कोठारे याच कारणाने गुलाबी असतात. आधी यलो ऑकर मिसळून पाहावा आणि पांढरा अगदी शेवटी, कणभर घ्यावा. सावलीतील तांबडी भिंत बर्न्ट सिएना, अलिझरिन आणि अल्ट्रामरीन यांतून मिळते. ती सगळीकडे एकसारखी नसते. वळचणीच्या खालची बाजू जमिनीकडे तोंड करून असते, म्हणून गवतावरून आणि मातीवरून परतलेला उबदार उजेड तिच्यावर पडतो, तर मोकळ्या आभाळासमोरचा भिंतीचा भाग किंचित निळसर दिसतो. हा फरक टोनने दाखवू नये, उबदार आणि थंड रंगांनी दाखवावा.

रंग न लावलेले लाकूड मात्र निराळे वागते. सूर्यप्रकाशाने लाकडातील लिग्निन, म्हणजे त्याचे तंतू बांधून ठेवणारे द्रव्य, विघटित होते, पाऊस ते धुऊन नेतो आणि वरचा थर रुपेरी करडा होतो. वळचणीखाली पाऊस पोहोचत नाही, तिथे तेच लाकूड तपकिरी राहते. म्हणजे एकाच भिंतीवर खाली करडा आणि वर तपकिरी असा बदल असतो, तो पाहून जसाच्या तसा घ्यावा. हा करडा रंग काळ्या-पांढऱ्यातून करू नये. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि पांढरा यांच्या मिश्रणात कधी निळ्याकडे, कधी तपकिरीकडे झुकते माप देत गेल्यास करड्यातही जीव येतो. पत्र्याच्या छपरालाही हेच मिश्रण चालते, मात्र पत्रा आभाळाचा रंग इतका उचलतो, की छपरासाठी केलेल्या रंगात आभाळाचा रंग सरळ ब्रशनेच थोडा मिसळून घ्यावा.

दारातला अंधार

उघड्या दाराच्या जागी नळीतला काळा रंग लावला की कोठाराला भोक पडल्यासारखे दिसते. त्या अंधारात खोली असते, हवा असते आणि उंबऱ्याजवळ थोडा उजेडही शिरलेला असतो. अलिझरिन, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचे पांढऱ्याचा अंशही नसलेले उबदार गडद मिश्रण पातळ, पारदर्शक लावावे, म्हणजे खालच्या तपकिरी फलकाची ऊब त्यातून डोकावते. वरच्या बाजूला अंधार सर्वांत दाट ठेवावा आणि जमिनीजवळ तो किंचित सैल करावा. वायुवीजनासाठी ठेवलेल्या किंवा लाकूड आकसल्याने पडलेल्या मागच्या भिंतीच्या फटींतून उजेडाच्या उभ्या रेघा दिसत असतील, तर त्या तीनच द्याव्यात, एकमेकींपासून असमान अंतरावर आणि शुद्ध पांढऱ्यापेक्षा बऱ्याच दबक्या. तीन रेघांनी मागची भिंत कुठे आहे ते कळते. दहा रेघांनी तुरुंगाचे गज दिसू लागतात.

फळ्या आणि कडा

फळ्यांची वेळ शेवटची पंधरा मिनिटे. पॅलेट नाइफची धार ओल्या रंगावर टेकवून वरून खाली ओढली, की फळ्यांचा सांधा उमटतो. हे भिंतभर करू नये. दाराजवळ चार-सहा सांधे, तेही अर्धवट तुटलेले, आणि कोपऱ्याकडे काहीच नाही, एवढ्यावर थांबावे. सपाट ब्रश फळीच्या दिशेने ओढला असेल तर केसांच्या खुणा उरलेले काम करतात. कडांबाबत इतके पाळावे, की उन्हातील आणि सावलीतील भिंत जिथे भेटतात ती कड धारदार ठेवावी आणि जिथे भिंत गवताला भिडते ती मऊ करावी. गवतात पाय रोवून बसलेले कोठार आणि जमिनीवर ठेवलेले खोके यांत फरक पडतो तो याच मऊ कडेमुळे. छपरावरील हवेची घुमटी, वीजवाहक सळई किंवा माथ्यावर वैरण ओढून घेण्यासाठी पुढे काढलेला छोटा छज्जा यांपैकी जे असेल ते एकेका फटकाऱ्यात द्यावे.

आवराआवर

जवसाचे तेल वाळताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते आणि उष्णता निर्माण होते. तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला, तर ती उष्णता आत साठून तो आपोआप पेट घेऊ शकतो, आणि वाळके लाकूड व गवत असलेल्या जागी असा बोळा विसरणे अक्षम्य आहे. चिंध्या पाण्याने भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात परत न्याव्यात. सॉल्व्हंट जमिनीवर ओतू नये. डब्यात रंगाचा गाळ खाली बसला की वरचे स्वच्छ सॉल्व्हंट पुन्हा वापरता येते. ओला फलक नेण्यासाठी खाचांची पेटी असावी. ती नसल्यास दोन फलक समोरासमोर ठेवून चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घालावेत आणि बाहेरून बांधून टाकावेत.

जागा सोडण्यापूर्वी एक-दोन छायाचित्रे घ्यावीत, पण ती प्रमाण तपासण्यापुरती, कारण कॅमेऱ्याला सावलीतले रंग बहुधा काळे दिसतात. घरी चित्र दोन दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवावे. नंतर पाहताना आढे, दार आणि सावलीची दिशा एवढेच तपासावे आणि दुरुस्ती करायचीच असेल तर दहा मिनिटांत संपवावी. पातळ रंगाच्या चित्राला व्हार्निश लावण्यापूर्वी सुमारे सहा महिने थांबावे, जाड थर असल्यास वर्षभर. फलकाच्या मागे ठिकाण, तारीख, वेळ आणि छपराचा प्रकार लिहून ठेवावा. जुनी कोठारे पडत आहेत, त्यांतील काही उतरवून त्यांचे लाकूड विकले जात आहे, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी परतल्यावर आढे आणखी किती खचले हे मोजायला हीच नोंद कामाला येते.